ऋण चारवरची रेघ

हेमालीच्या पत्राला सहदेव सरांनी उत्तर दिलं नव्हतं. येऊन महिना होत आला, तरी ते पुस्तकांमागे सारलेलं होतं. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या या मुलीला निवृत्तीनंतर त्यांनी घरी दहावीचं गणित शिकवलं. ती नापास झाली. आता कल्याणला आत्याकडे राहून मंगळवारी फेरपरीक्षेला बसणार होती. या वेळीही नापास झाली तर शिक्षण बंद, असं आत्याने बजावलं होतं.

तिने विचारलं होतं, ‘सर, वर्गसमीकरणात ऋण उत्तर आलं की खोडायचं, असं तुमच्याकडेच शिकले ना? मी सगळीकडे खोडलं. मग मार्क का गेले?’

आपण असं कधी सांगितलं? शाब्दिक उदाहरणात सांगितलं असेल. शेताची लांबी ऋण नसते म्हणून. पण सगळीकडे? नक्की आठवेना, आणि आठवत नसताना पोरीला खोटं कसं पाडायचं?

शनिवारी मात्र त्यांनी कागद ओढला. x² + x − 12 = 0 सोडवून दाखवलं, दोन ओळींत समजावलं, पाकीट चिकटवून पोस्ट गाठलं. आज स्पीड पोस्ट गेलं नाही, तर पत्र पेपरनंतर पोचणार होतं.

रांगेत शंकेने डोकं वर काढलं. चिन्ह तर चुकलं नाही? नंबर आला, खिडकीतल्या देवयानीबाईंनी हात पुढे केला, आणि सरांनी पाकीट फाडलं.

“काय काका, लव्ह लेटर आहे का?” मागून कुणीतरी म्हणालं.

सरांना ऐकूच आलं नाही. चिन्हं बरोबर होती. x = 3, x = −4. आणि −4 वर एक सरळ, सुबक रेघ. हात आपसूक गेला होता. पोरीने हे त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शिकताना ती त्यांचा हात बघत होती.

“काका, खिडकी बंद करायची वेळ झाली,” देवयानीबाई म्हणाल्या.

दोरीला बांधलेलं पेन ओढून सरांनी −4 समीकरणात घातला. सोळा वजा चार वजा बारा. शून्य. पुन्हा केलं. शून्यच. मग रेघेशेजारी लिहिलं, ‘ही रेघ चूक आहे. मुळं दोन्ही खरी. x म्हणजे लांबी, वय असं काही असेल तेव्हाच ऋण उत्तर सोडून द्यायचं. खोडायची सवय माझी, तुला ती माझ्याकडून लागली.’

देवयानीबाईंनी नवं पाकीट दिलं, सरांनी पत्ता घातल्यावर वजन केलं, शिक्का मारला आणि पत्र पोत्यात टाकलं.