बग्गीखान्याची काच

संस्थानच्या काळात ज्या बग्गीखान्यात घोडागाड्या उभ्या राहायच्या, तिथं यंदा वर कचेऱ्या आणि खाली दुकानं झाली. दगडी कमानी तशाच ठेवून त्यांत खालपासून वरपर्यंत काचा बसवल्या. हे काम जयसिंगपूरच्या अनुजाचं. आर्किटेक्ट म्हणून तिचं हे पहिलंच मोठं काम, पण पोरगी हट्टाची. कमानीचा दगड हलणार नाही आणि कमानीपुढची म्हैसही हलणार नाही, एवढं तिनं मालकांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

म्हैस गुंडू गवळ्याची. रोज संध्याकाळी चंद्रीला तिथं उभी करून तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायचा आणि फेसाळता पेला हातात द्यायचा. त्याचा बापही तिथंच बसायचा. त्यामुळं बग्गीखाना खरा आपला, मालक नुसते कागदावरचे, असं गुंडूचं प्रामाणिक मत होतं.

काचा बसल्या त्या संध्याकाळी चंद्रीनं पान्हा चोरला. मान वळवून ती काचेतल्या म्हशीकडं बघत राहिली. गुंडूनं पेंड पुढं सरकवली, पाठ थोपटली, लाडानं बोलला, मग शिव्या दिल्या. धारेची कासंडी कोरडी ती कोरडीच.

"मामा, आता चहाचा गाडा टाका," दूध प्यायला आलेला शेजारच्या तालमीतला एक पोरगा म्हणाला. गुंडूला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चंद्रीला काचेपासून लांब, पार रस्त्याच्या कडेला बांधलं. ती दावं ताणत राहिली. मागच्या बोळात नेलं, तर तिथं तिनं हंबरून बोळ डोक्यावर घेतला. गिऱ्हाइकं पलीकडं आकाराम गवळ्याच्या दूधकट्ट्याकडं वळायला लागली. गुंडूची झोप उडाली, आणि सगळा राग काचेवर निघाला.

"ही काच न्हाय, करणी हाय!" तो चौकभर ऐकू जाईल असं अनुजाला म्हणाला. "झाका ती. न्हायतर मी हितंच बसतो उपाशी!"

गुंडू उपाशी बसेल यावर त्याला ओळखणाऱ्या कुणाचाच विश्वास नव्हता. तरी अनुजानं त्याच्यापुढं हात टेकले. कमानीच्या आत मोबाइलचं दुकान घेतलेल्या राजवीरला तिनं समजावलं आणि काचेवर दुधी कागद चिकटवायला माणूस बोलावला.

तो आला तेव्हा गुंडू लढाई जिंकल्यासारखा मिशीवर हात फिरवत होता. माणूस शिडीवर चढला, कागद वरून खाली उतरायला लागला. "नीट लाव, फट ठेवू नगंस," असं सांगण्याच्या भरात गुंडूच्या हातातलं दावं सैल पडलं.

चंद्री सरळ काचेपाशी गेली. काचेतल्या म्हशीला तिनं हुंगलं, मग चाटायला लागली. तोंडावरून, कपाळावरून, सावकाश. गुंडू ओरडणार, एवढ्यात त्याची नजर खाली गेली. सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं.

रत्नी. चंद्रीच्या शेजारी तिच्याच दावणीला असलेली म्हैस, गेल्या श्रावणात गेली. दोघी एकमेकींना अशाच चाटायच्या. तेव्हापासून चंद्रीचं दूध आटत चाललं होतं आणि गुंडू मात्र पेंडच खराब म्हणून पेंडवाल्याशी भांडत होता. रत्नी गेली तेव्हाही तो कोरड्या डोळ्यांनी म्हणाला होता, "जनावर हाय, जायाचंच की."

वरून कागद उतरत होता. काचेतल्या म्हशीची शिंगं दिसेनाशी झाली. चंद्री हंबरली.

"थांब!" गुंडू ओरडला. "काढ त्यो कागद!"

शिडीवरच्या माणसानं अनुजाकडं पाहिलं. जमलेली सगळी माणसं हसायला लागली.

"मामा, करणी होती ना ती?" अनुजा म्हणाली.

"व्हती," गुंडू म्हणाला. मग त्यानं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "रत्नी गेल्यापास्नं एकली हाय ओ ती. तिला जोडीण गावलीया काचंत. झाकू नगासा, ताई."

हसणं थांबलं. अनुजानं शिडीवरच्या माणसाला कागद म्हशीच्या उंचीच्या वर कापायला सांगितला.

"अहो, पण रोजची ही लाळ कोण पुसणार?" राजवीरनं विचारलं.

"मी पुसतो की."

त्या संध्याकाळी कासंडी भरून फेस बाहेर आला. तालमीतल्या पोरांनी पेले रिचवले आणि चहाच्या गाड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गिऱ्हाइकं पांगल्यावर गुंडूनं खांद्यावरचा टॉवेल ओला केला आणि काच पुसायला घेतली. पुसून लख्ख झाली तरी त्याचा हात थांबेना. काचेतल्या म्हशीच्या कपाळावरून तो टॉवेल फिरवत राहिला. मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून हळूच म्हणाला, "येतो उद्या, रत्ने."