बारवेची तिसरी पायरी

गुरुबसप्पा वैद्याला पोराची आठवण दिवसातून तीनदा यायची: सकाळी लिंगपूजेला, दुपारी भाकरीला आणि रोगी आला की. तिसरी आठवण सगळ्यात वाईट. मुखेडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात पायातून लांब जंत निघणाऱ्या नारूचे रोगी काही कमी नव्हते, आणि प्रत्येकाला पाहताना त्याला वाटायचं, आपला पोरगा शिवलिंग आज इथं असता तर!

शिवलिंग हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकला, तिथंच सरकारी नोकरीला चिकटला आणि सात वर्षांत घरी आला तो एकदाच, आई गेली तेव्हा. पत्रं लिहायचा, पण पत्राच्या पाठीवरून काय हात फिरवता येतो? बाप मोठा हट्टी. ‘बोलावणं धाडणार न्हाई, यायचं तर येईल’ म्हणत बसला आणि आतल्या आत झुरत राहिला.

फसली १३५० च्या, म्हणजे १९४१ च्या उन्हाळ्यात शिवलिंग आला खरा, पण घरी म्हणून नव्हे. नारूच्या तपासणीसाठी तो गावोगावच्या विहिरी बघत फिरत होता. या गावाला एकच दिवस. गुरुबसप्पाला तेवढंही पुष्कळ झालं. पोराला टेकूही न देता त्यानं थेट गावच्या पायऱ्यांच्या विहिरीवर, बारवेवर नेलं. आपली विद्या दाखवायची कोण हौस!

तिसऱ्या पायरीवर वीरभद्र नावाचा शेतकरी पाण्यात पाय सोडून बसला होता. घोट्याजवळचा फोड फुटून दोऱ्यासारखा पांढरा नारू बाहेर आला होता.

“नारू आग लई करतो,” गुरुबसप्पा सांगू लागला, “म्हणून मी हितं बसवतो. थंड पाण्यात जीव निवतो, नारू बी ढिला पडतो. मंग रोज बोटभर काडीला गुंडाळायचा. तोडायचा न्हाई. तीस वरसं झाली, हेच करून राहिलो.”

“हाव, वैद्यबुवाच्या हाताला गुण हाय,” वीरभद्र म्हणाला.

शिवलिंगानं वीरभद्राच्या पायाजवळचं थोडं पाणी काचेवर घेतलं, पेटीतली भिंगाची खुर्दबीन पायरीवर मांडली आणि बराच वेळ तिला डोळा लावून बसला. मग सरकून बापाला जागा दिली. भिंगाखाली केसाच्या तुकड्यांएवढे जीव वळवळत होते.

“हे काय रं?”

“नारूची पिल्लं, अप्पा. पाय पाण्यात गेला की ती सुटतात. पाण्यातले बारके किडे त्यांना गिळतात, त्या किड्यांसकट पाणी माणसं पितात आणि वर्षभरानं त्यांच्या पायातून नारू निघतो.”

गुरुबसप्पा भिंगावरचा डोळा काढीना. हात धरून माणसं त्यानंच इथं उतरवली होती, आणि सगळं गाव इथूनच घागरी भरत होतं. त्याची बायको शरणम्माही. ती नारूची जखम चिघळूनच गेली होती. तिच्या उशाशी तो एकोणीस दिवस बसून होता.

“तुझ्या आईचा...”

“कुणाचा नारू कुणामुळं, ते नाही सांगता येत,” शिवलिंग म्हणाला. पण बोलताना तो पाण्याकडं बघत होता, आणि बापाला काय कळायचं ते कळलं.

दुपारी शिवलिंग अहवाल लिहायला बसला आणि अडला. “अप्पा, पायऱ्यांचं लिहिलं तर तिथं कोण बसवत होतं तेही विचारतील. मग माणसं तुमच्याकडं यायची नाहीत. मी नुसतं पाणी खराब आहे, एवढंच लिहितो.”

गुरुबसप्पाला मोह झाला. रोगी गेले तर त्याच्याजवळ उरणार काय होतं? पण पोर आपल्यासाठी खोटं लिहायला निघालंय, म्हणजे माया अजून आहे, हेही त्याला उमगलं. त्याचे डोळे भरून आले.

“समदं लिही,” तो म्हणाला. “माझं नाव बी घाल. न्हाई तर दुसऱ्या गावचा वैद्य बी असाच बसवीत ऱ्हाईल.”

शिवलिंगानं लिहिलं, उर्दूत. बापाला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तो शेवटच्या ओळीपर्यंत जवळून हलला नाही.

उन्हं कलली तशी बैलांची दमणी जुंपली. शिवलिंग पाया पडला आणि तिथंच घुटमळला. “काही हवंय का, अप्पा? आजची रात्र थांबू?”

थांब, एवढंच तर त्याला हवं होतं. सात वर्षं हवं होतं. पण पुढं चौदा गावं होती, चौदा बारवा होत्या.

“बैल हाक,” गुरुबसप्पा म्हणाला. “तिथं कुणीतरी पाय सोडून बसलं असंल. त्याला आधी उठीव.”