कार्बनच्या काडीवरची साय

रजतच्या अंगाला वास येतो, हे रजत सोडून साऱ्या हिंगणघाटाला ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं तो गंधकाच्या एका सेंद्रिय द्रव्यामागे लागला होता. वास कसला, तर सडक्या कोबीचा. कार्बनच्या काडीतून वीज सोडली की त्या द्रव्याला ऑक्सिजन जोडला जातो आणि वास मरतो, असा त्याचा प्रयोग. तोवर त्याचं नाकच मेलं बिचाऱ्याचं.

बायकोचं, सपनाचं नाक मात्र जिवंत. त्यात तिला दिवस गेले. हा दारात आला की तिला उलटी. शेवटी ती कारंजाला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "वास गेला की येजा. तवर नका येऊ."

दोन महिने रजतला घर खायला उठलं. तिनं घातलेल्या लोणच्याची बरणी उघडून हुंगायचा, तर तेही कळायचं नाही. तिची फार आठवण यायची.

शुक्रवारी सकाळी यंत्रावरचा प्रवाह उतरत उतरत शून्यावर आला. प्रवाह नाही म्हणजे द्रव्य संपलं, वास गेला. गडी हात धुऊन तसाच एसटीत बसला. आर्वीपर्यंत भरल्या गाडीत शेजारची जागा रिकामी राहिली, तर म्हणे आज नशीब जोरावर आहे.

सासूबाईंनी, आनंदाबाईंनी दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. जावयाला काय बोलणार? सपना आली. पोट दिसू लागलं होतं. रजतनं बसता बसता विचारलं,

"येऊन राह्यला का वास?"

"नाई," म्हणत ती खेटून बसली. त्याचा हात तिनं पोटावर ठेवला. मग त्याला दिसलं, ती तोंडानं श्वास घेत होती. पुढच्याच घडीला ती मोरीकडे धावली.

तेव्हा कुठं गाढवाच्या डोक्यात उजेड पडला. दुधावर धरते तशी काडीवर साय धरली होती. म्हणून प्रवाह थांबला. द्रव्य जागच्या जागी होतं.

त्यानं चपला घातल्या. तोंड पुसत सपना बाहेर आली.

"काऊन खोटं बोलली?"

"तुमी परत जासान म्हणून."

शेतकऱ्याची लेक ती. तिनं आधी वारा कुठून येतो ते पाहिलं आणि वारा जातो त्या, अंगणाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"तिथं बसा. शेवटची गाडी साडेपाचले हाय, तवर जाऊ नका."

आणि वारा येतो त्या वरच्या अंगाला बाज ओढून, त्याच्याकडे तोंड करून बसली.