मगर काढायची आहे

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकांसमोरच्या भिंतीवर एक जुनी मगर होती. आधीच्या डॉक्टरांनी हौसेनं रंगवून घेतलेली. अंगाचे पोपडे निघाले होते, पण वासलेला जबडा मात्र शाबूत. तो बघितला की लहान मुलं आईच्या कडेवरून उतरायचं नाव घेत नसत.

शेवटी बाईंनी पेंटरला फोन लावला. "भिंतीवरची मगर काढायची आहे. मी दोन दिवस नणंदेकडे चाललेय. सासूबाई दार उघडून देतील."

"काढतो की!" पेंटर खूश. एरवी त्याच्या वाट्याला नुसत्या दुकानांच्या पाट्या यायच्या.

दुसऱ्या दिवशी बाई नणंदेकडे जेवायला बसल्या, तोच त्याचा फोन. "मॅडम, दातसुद्धा काढू ना?"

"अहो, दातांसकट काढा! एकही सोडू नका."

बाई परत आल्या त्या दारातच थबकल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार मगर ऐसपैस पसरली होती.

"हे काय? मी काढायला सांगितली होती!"

"मग काढलीय की," पेंटर ब्रश पुसत म्हणाला.

"काढायची म्हणजे पुसून टाकायची हो!"

पेंटरचा चेहरा पडला. "मला वाटलं, जुनी विटली म्हणून नवी हवीय."

बाई सासूबाईंकडे वळल्या. "आई, तुम्ही तरी त्याला थांबवायचं!"

"मला काय माहीत? मला वाटलं, तुझीच टूम. आणि रंगवत होता छान, मी कशाला मध्ये तोंड घालू?"

बाई आता जवळ जाऊन बघू लागल्या. "पण हिचे दात असे कसे?"

"मगरीचे दात मी कुठे बघितलेत?" पेंटर ओशाळून म्हणाला. "तुमच्या टेबलावरचा तो प्लास्टरचा जबडा समोर ठेवला आणि काढले."

मगर सगळी बत्तीशी दाखवत होती. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोत तुझे सासरे अगदी असेच हसलेत बघ!"

बाईंना राग धरवेना. त्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"मग पुसू का?" पेंटरनं हळूच विचारलं.

तेवढ्यात एक चिमुरडी आईचा हात सोडून थेट भिंतीपाशी गेली. "हिचे दात तर चांगलेत. मग ही कशाला आलीय इथे?"

"तपासून घ्यायला," बाई म्हणाल्या आणि पेंटरला त्यांनी हातानंच खूण केली, राहू दे.