दिमोचं वजन

दिमोच्या चाळिसाव्या दिवसाचे कागद माझ्या नवऱ्याने, स्तामेनने, गावभर लावले आणि एकूण एक कमरेच्या उंचीला लावले.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापून दारांवर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर चिकटवतात. चाळिसाव्याला पुन्हा नवा कागद. तो डोळ्यांच्या रेषेत लावायचा, हे सांगावं लागत नाही. पण त्या शुक्रवारी दिमो गावातल्या कुत्र्यांच्या आणि बाबागाडीतल्या पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होता.

"दोब्रिना, तुझा नवरा सकाळपासूनच घेतो का गं हल्ली?" बेकरीवालीने विचारलं.

"नाही गं, म्हातारपणी नम्र झालाय," मी म्हणाले आणि पाव घेऊन सटकले.

खरं कारण मला ठाऊक होतं. स्तामेनचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

गावाच्या व्यायामशाळेत तो पोरांना वजनं उचलायला शिकवतो. तरुणपणी स्वतः उचलायचा, आणि त्याच्या शेजारच्या फळीवर दिमो. लष्करात दोघं एकत्र, व्यायामशाळेत एकत्र, आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिला तोही दिमोच, बायकोला, नेवेनाला घेऊन. असं साक्षीला उभं राहिलेलं माणूस आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा वरचं. त्याला कूम म्हणायचं, त्याच्या बायकोला कुमा. कूमाशी भांडत नाहीत आणि त्याला नाही म्हणत नाहीत.

स्तामेनचं दुखणं मला फार आधीच कळलं होतं, त्याने सांगितलं म्हणून नव्हे. तो केस विंचरताना हात डोक्याकडे न्यायचा सोडून डोकं हाताकडे आणायला लागला, कोंबडी पाणी पिते तसा. कोट घालताना भिंतीकडे तोंड करायचा. रात्री कुशीवर वळला की दातावर दात दाबल्याचा आवाज यायचा. विचारलं तर म्हणे, "वारं लागलंय." आमच्या गावात सगळी दुखणी वाऱ्याने होतात, आपण केलेलं काही नसतंच.

दिमो हृदयाच्या झटक्याने गेला. शवपेटीला स्तामेनने डावा खांदा दिला आणि घरी आल्यावर शर्ट काढता येईना. मग मीच त्याला बसमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात धरून हळूहळू वर नेला. छातीपर्यंत स्तामेन राजासारखा बसला होता, हात त्याच्या वर गेला आणि कपाळावर घाम फुटला.

"आतला स्नायूचा दोर घासून घासून सुजलाय," त्या म्हणाल्या. "झिजलाय पण. थोड्या धाग्यांवर आहे. डोक्याच्या वर काहीही उचलायचं नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखायला लागलं की थांबायचं. पुढे वाकून हात नुसता झुलू द्यायचा, हातात काही न घेता. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. गोळी जेवणानंतर. आणि शर्ट घालताना आधी दुखरा हात."

"एक इंजेक्शन द्या ना," स्तामेन म्हणाला. "एका दिवसापुरतं. दुखणं बंद पडेल असं."

"कुठला दिवस?"

त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं. आमच्या व्यायामशाळेची रीत आहे, जुन्या मास्तरांनी घालून दिलेली: वजन उचलणारा माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याच्या सगळ्यात जवळच्याने, त्या माणसाने शेवटच्या स्पर्धेत सुरुवातीला मागितलेलं वजन सगळ्यांसमोर एकदा डोक्यावर न्यायचं. मग गेलेल्याच्या नावाने वाइन जमिनीवर सांडायची, मग उकडलेला गोड गहू वाटायचा. दफनाच्या वेळीच स्तामेन नेवेनाला म्हणून बसला होता, "कुमा, मी उचलीन."

"दुखणं बंद केलं तर तुटतंय ते कळणार कसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हा दोर तुटला तर चमचासुद्धा डाव्या हाताने तोंडात घालाल."

येताना बसमध्ये तो म्हणाला, "डावा काय वाईट आहे?"

भिंतीवर बोटं चालवणं त्याने दोन दिवस केलं. "मी कोळी आहे का?" म्हणून सोडलं. हात झुलवणंही सोडलं, कारण शेजारीण खिडकीतून बघते. सोडला नाही फक्त कोबीचा पाला. बाटलीने ठेचून, खांद्यावर बांधून, वरून लोकरीचं फडकं. हे त्याच्या आईचं औषध, म्हणून चालतं. त्याने उतार किती पडायचा देव जाणे, पण बांधताना तो गप्प बसायचा आणि माझ्या हाताला त्या सुजेची ऊब लागायची. "कोबीच्या पानात भात भरून गुंडाळतो ना, तसं तुला भरायचं तेवढं राहिलंय," मी म्हणायचे. तो हसायचा नाही.

नेवेना शनिवारी सकाळी आली. दार न वाजवता. हातात बसथांब्यावरून काढलेला कागद.

"कुठाय तो?" ती ओरडली. "कूमाला कुत्र्याच्या उंचीला टांगतो? लोकं मला विचारतायत, कुमा, तुमचं काही बिनसलं का! आयुष्यभर एका ताटात जेवलात, आणि..."

आणि ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. स्तामेन स्टुलावर उघडा बसला होता, खांद्यावर कोबी.

कोबीचं पाणी त्याच्या पाठीवरून खाली ओघळत होतं. त्याने फडकं ओढून घ्यायला उजवा हात उचलला आणि तो अर्ध्यावर अडकला.

नेवेनाने पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि हसायला लागली. घाण हसणं. पुढे त्याचं रडणं झालं, कुठे झालं ते कळलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वारं लागलंय."

"स्तामेन, कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"त्याचाही," ती म्हणाली. "डावा. मी डोकं धुवायचे त्याचं. पाच-सहा वर्षं तरी. स्वेटर मी घालायचे. गाढवा, त्याचाही जात नव्हता वर!"

स्तामेन बघतच राहिला. "तो तर म्हणायचा पायातलं बळ कमी झालंय. म्हणून नुसत्या बैठका. मला म्हणायचा, चल, आज पण बैठकाच मारू."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मारू. माझं बरंच झालं." तो थांबला. "मला वाटायचं, मी त्याच्यासाठी मारतोय."

"तो घरी येऊन म्हणायचा, स्तामेनला सोबत लागते, नाहीतर मी केव्हाच सोडलं असतं."

इतकी वर्षं दोघं म्हातारे रोज त्या थंडगार व्यायामशाळेत खांद्यावर लोखंड घेऊन ऊठबस करत होते, एकमेकांवर उपकार म्हणून.

"मग झालं," मी म्हणाले. "कुमाला पण कळलं. उद्या कोणी काही उचलणार नाही."

"उचलणार," स्तामेन म्हणाला. "आता तर उचलणारच."

"उचल की," नेवेना म्हणाली. तिने डोळे पुसले, नाक पुसलं. "आणि हात लुळा पडला की दोब्रिना तुला भरवेल. मी त्याचं डोकं धुवायला, स्वेटर घालायला कंटाळले नव्हते हं, स्तामेन. पण त्याने एकदा तरी 'दुखतंय' म्हणायला हवं होतं. मला नाही, निदान तुला."

रविवारी चर्चमधून आम्ही सगळे व्यायामशाळेत गेलो. मी आदल्या दिवशी गहू उकडून, अक्रोड आणि साखर घालून परातीत लावला होता, वर दालचिनीचा क्रूस. पोरं भिंतीला लागून उभी. जुनी मंडळी बाकावर, प्रत्येकाचं काही ना काही झिजलेलं. बारला दिमोचं वजन लावलेलं. स्तामेनने हातांना पांढरी पूड लावली. इंजेक्शन त्याला कोणी दिलं नव्हतं. सकाळी दोन गोळ्या मात्र रिकाम्या पोटी घेतल्या होत्या, माझ्या नजरेसमोर, मुद्दाम.

तो वाकला. वजन जमिनीवरून उठलं आणि एका झटक्यात छातीवर आलं. इतकं स्वच्छ की पोरांनी श्वास रोखला. पाय अजून त्याचेच होते. इतक्या बैठका वाया गेल्या नव्हत्या. तो उठून उभा राहिला. बार गळ्याखाली, कोपरं पुढे. आता एकच उरलं होतं.

तो तसाच उभा राहिला.

मी त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत होते. तिथे मांस फडफडत होतं, पक्षी मुठीत धरल्यासारखं. डॉक्टरीणबाईंचे ते थोडे धागे मला शर्टाआडून दिसत होते. नेवेनाने माझं मनगट धरलं. त्याचे गुडघे किंचित वाकले, म्हणजे आता वर नेणार. आणि परत सरळ झाले. वजन छातीवर धरून उभं राहणं किती जड असतं ते मला माहीत नाही. त्याचा चेहरा जांभळा झाला होता.

"दिमो," तो म्हणाला. बारशी बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू आलं. "वर जात नाही रे. दुखतंय."

आणि सोडून दिलं. फळी हादरली, परातीतला गहू हलला.

बाकावरच्या मंडळींपैकी कोणी मान वर केली नाही. रीत मोडली होती, आणि मोडल्यावर काय करायचं हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नेवेना पुढे गेली. वाइनची बाटली उघडली आणि जमिनीवर पडलेल्या बारवर, वजनाच्या चकत्यांवर सांडली.

"पडू दे आता त्याला," ती म्हणाली. "पुरे झालं उचलणं."

मग मी गहू वाटला, कारण कोणीतरी काहीतरी वाटायलाच हवं होतं.

स्तामेन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला होता. मी कागदी कपात गहू घेऊन शेजारी बसले. तो डाव्या हाताने चमचा धरून खात होता. उजवा मांडीवर, तळवा वर, कोणाला काही मागत असल्यासारखा.

"तुटलं का काही?" मी विचारलं.

"नाही."

त्याने चमचा गव्हात खुपसला.

"मी चिडवायचो त्याला," तो म्हणाला. "म्हातारा झालास, एकदा वर तर नेऊन दाखव, म्हणायचो. म्हणजे तो मला म्हणू नये. तो हसायचा. म्हणायचा, उद्या."

"त्यालाही तेच वाटत असेल, की तू म्हणशील."

"हो ना." त्याने कप खाली ठेवला. "भिंतीवर बोटं चालवायची, हात झुलवायचे, दोघांनी केलं असतं. एकमेकांना हसलो असतो. एकट्याने ते करवत नाही गं."

"मी करते तुझ्याबरोबर."

"तुझा कुठे दुखतोय," तो म्हणाला.

मी तरीही शेजारच्या भिंतीवर बोटं टेकवली आणि वर चालवायला लागले. आत पोरांनी बार पुसून पुन्हा वजनं चढवायला सुरुवात केली होती.