गुडघ्यातली अक्कल

आत्याचा उजवा गुडघा बोलायला लागला तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं की गुडघे बोलतातच. पण इतरांचे गुडघे कटकट वाजतात. आत्याचा गुडघा जिन्यात स्पष्ट शब्दांत म्हणाला, "हळू. एवढी घाई कसली आहे?"

घरातल्या घरात हे चाललं असतं. पण आत्या बुद्धिबळाच्या सामन्यांची पंच होती. मोठं दालन, ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर पट आणि घड्याळ, आणि मधून मऊ तळव्यांचे बूट घालून फिरणारी आत्या. कुणी पेन जरी वाजवलं तरी ती नुसत्या भुवईने त्याला गप्प करायची. उपांत्य फेरीत ती एका दंतवैद्याच्या टेबलापाशी थांबली आणि गुडघा म्हणाला, "उंट कशाला? घोडा हलव."

दंतवैद्याने घोडा हलवला आणि तो जिंकला. शेजारच्या टेबलावर एक बेकरीवाली खेळत होती. तिने हे ऐकलं आणि ती सारखा हात वर करून पंचांना बोलवायला लागली. घड्याळ नीट चालतंय ना, खिडकी लावता का, पाणी मिळेल का. दर खेपेला गुडघा काहीतरी सुचवायचा. तीही जिंकली.

हरलेल्यांनी तक्रार केली. अध्यक्षांनी आत्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"बाई, तुमच्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते गुडघ्याबद्दल."

"तो माझं ऐकत नाही हो."

"अंतिम सामन्याला महिना आहे. तोवर तो गप्प झाला तर या. नाहीतर मला कायमचा दुसरा पंच बघावा लागेल."

त्या दालनातली शांतता म्हणजे आत्याचं सगळं आयुष्य होतं. ती तशीच भाचीकडे गेली. भाची डॉक्टर होती आणि म्हातारपणाच्या दुखण्यांवरच्या एका नव्या औषधाची चाचणी घेत होती. तिने गुडघ्याला स्टेथोस्कोप लावला.

"कोण बोलतंय?"

"आम्ही जुन्या पेशी."

"काम काय करता?"

"सल्ला देतो."

"त्याआधी?"

"सांध्याची गादी सांभाळायचो. आता त्यातून निवृत्त झालो."

"मग जात का नाही?"

"आम्ही गेलो तर सांगणार कोण?"

"हुबेहूब तुझे बाबा," आत्या म्हणाली.

"आत्या, ऐक. पेशी म्हणजे शरीराची वीट, फक्त जिवंत. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पुढे एखादी थकते, तिच्यात काही बिघडतं, मग ती दुभंगायचं थांबवते. ते बरंच आहे, नाहीतर बिघाडाच्याच प्रती निघाल्या असत्या. अशा बहुतेक पेशी शरीर झाडून टाकतं. काही मात्र मागे राहतात. काम करत नाहीत, मरतही नाहीत, नुसत्या ओरडत राहतात. ते ऐकून ऐकून शेजारच्या धडधाकट पेशीही काम सोडतात आणि ओरडायला लागतात."

"हा अन्याय आहे," गुडघा म्हणाला. "जखम झाली की दुरुस्तीला हाका कोण मारतं? आम्हीच ना?"

"खरं आहे. म्हणून तर ताजी जखम असताना हे औषध मी देत नाही. पण हाक मारून झाली की घरी जायचं असतं. तुम्ही मुक्कामच ठोकलात."

"औषध काय करतं?" आत्याने विचारलं.

"यांची खरं तर जायची वेळ झालेली असते, पण एका खुंटीला घट्ट धरून लटकलेल्या असतात. औषध ती खुंटी ढिली करतं. चांगल्या पेशींचा भार त्या खुंटीवर तितकासा नसतो."

"गुण येतो ना?"

"उंदरांना आला. माणसांचं अजून नक्की नाही. तुझं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही."

"उंदरांच्या सामन्याला पंच कोण होतं?"

"आत्या, पाय सरळ कर."

सुई आत गेली. "बघून घेऊ," गुडघा म्हणाला.

पहिल्या आठवड्यात त्याची लांबलचक भाषणं थांबली. मग वाक्यं अर्धवट राहायला लागली. एकदा जिन्यात तो "आमच्या वेळी" एवढंच म्हणाला आणि पुढे काय ते त्यालाच आठवलं नाही. त्यानंतर नुसती शांतता. ठणकाही बराच कमी झाला.

अंतिम सामन्याच्या दिवशी अध्यक्षांनी दारातच वाकून गुडघ्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि आत्याला आत सोडलं.

सामना दंतवैद्य आणि बेकरीवालीचा होता. दोघंही जिंकण्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून आले होते, फक्त गुडघा आत्याचा होता. महिनाभर दोघांपैकी कुणीही पटाला हात लावला नव्हता.

"सुरू करा," आत्या म्हणाली.

पांढरे मोहरे दंतवैद्याचे होते. बेकरीवालीने घड्याळ चालू केलं. दंतवैद्य पटाकडे न बघता गुडघ्याकडे बघत बसला. त्याला काय सांगितलं जातंय ते कळावं म्हणून बेकरीवालीही गुडघ्याकडेच बघत बसली. आत्या टेबलाभोवती फिरत राहिली. बेकरीवालीने पाणी मागितलं, आत्याने आणून दिलं. दंतवैद्याने रुमाल खाली पाडला आणि तो उचलताना कान गुडघ्याजवळ नेऊन ठेवला. प्रेक्षकांना वाटलं, काहीतरी फार खोल डाव शिजतोय. एकही प्यादं हललं नाही. घड्याळ मात्र चालत राहिलं आणि शेवटी संपलं.

"वेळ संपली. काळ्यांचा विजय," आत्या म्हणाली.

"बाई, आज हा काही बोललाच नाही," दंतवैद्य कुजबुजला.

"बरा झाला."

"निदान आधी सांगायचं तरी."

बेकरीवाली हातातल्या चषकाकडे बघत होती. "मी नक्की काय चांगलं खेळले?"

"तुमची पाळीच आली नाही," आत्या म्हणाली.

अध्यक्ष धावत आले. असा शिस्तबद्ध सामना आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "बाई, पुढच्या सामन्यांना तुम्हीच पंच. येणार ना?"

"येणार तर," आत्या म्हणाली. "तुम्ही तेवढे खेळाडू शोधा."