नंबर तोच होता

कुंभमेळ्यातल्या शाहीस्नानाच्या आदल्या दिवशी सकाळी भिकन साळव्यांचं ऑक्सिजनचं मशीन बिघडलं. आतला कंप्रेसर घरघरत होता, पण मधूनमधून येणारा ‘फुस्स’ आवाज थांबला होता. त्या आवाजाची घराला इतकी सवय झाली होती की तो थांबल्याबरोबर सुलाबाई चुलीपुढून उठून आल्या.

“संजे, बघ गं काय झालं ते!”

संजना अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची सर्किटं दुरुस्त करायची. तिने आधी वडिलांच्या, अण्णांच्या, नाकातली नळी मशीनवरून काढून कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली. सिलिंडर अडीअडचणीसाठी ठेवलेला होता आणि तो निम्माही भरलेला नव्हता. भिकन साळव्यांनी उमेदीची सगळी वर्षं फाउंड्रीत काढली होती. तिथली वाळू त्यांच्या छातीत बसली होती. नळीशिवाय ते खाटेवरून मोरीपर्यंतही जाऊ शकत नसत.

तिने सिलिंडरवाल्याला फोन लावला.

“ताई, गाडी द्वारका चौकातच अडवलीय,” तो म्हणाला. “पंचवटीत एकही टेम्पो सोडत नाहीत. उद्यापर्यंत काही खरं नाही.”

दवाखान्यातून उत्तर आलं की बेड आहे, रुग्णवाहिकाही पाठवतो, पण गर्दीतून ती कधी पोहोचेल ते सांगता येणार नाही. दवाखाना गोदावरीच्या पलीकडे होता आणि पुलावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. फुलेनगरच्या तोंडापर्यंत भाविकांचे लोंढे येऊन ठेपले होते.

संजनाने मशीन उघडलं. हवेचे व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडझाप करणारा आयसी, बोर्डावरची चिप, मधोमध जळून फुगला होता. तिने त्यावरचा नंबर वाचला. हा आयसी बनणं कधीच बंद झालं होतं. कारखान्यात त्याच्यापायी एक अख्खं यंत्र भंगारात काढलेलं तिने पाहिलं होतं.

नदीच्या अलीकडे विचारण्यासारखा एकच माणूस होता. पेठ रोडवर टीव्ही दुरुस्त करणारे जयरामकाका. बंदोबस्तामुळे दुकान बंद होतं, पण ते मागच्याच खोलीत राहायचे.

“हा आता कुठला मिळायला?” नंबर बघून ते म्हणाले. तरी त्यांनी डबे उपसायला सुरुवात केली. एका पुडीतून त्यांनी आयसी काढला आणि भिंगाखाली धरला. “घे! नंबर तोच आहे. भंगार बाजारातून आणलेला, जपून ठेवला होता मी.”

ते सोल्डरिंगचं सामान घेऊन तिच्याबरोबरच निघाले.

आयसी बसवला, बटण दाबलं आणि मशीन ‘फुस्स’ करून बोललं. सुलाबाईंनी लगेच नळीला हात घातला.

“थांब आई. आधी नुसतं चालू दे थोडं.”

“अगं, सिलिंडर उतरतोय!” जयरामकाका म्हणाले. “चाललंय ना व्यवस्थित?”

संजनाने बोट आयसीवर टेकवलं. आधी तो कोमट लागला, मग गरम. मग चटका बसला आणि बोट ठेववेना. जळका वास आला आणि व्हॉल्व्ह पुन्हा गप्प झाले. तिने थिनरचा बोळा आयसीवर फिरवला. नंबर पुसला गेला आणि खालून दुसराच, घासून टाकलेला नंबर दिसू लागला.

जयरामकाका वाकून बघू लागले. “कुणी केलं असेल गं हे?”

“अण्णांना बाजेवर घालून नेऊ,” सुलाबाई म्हणाल्या. “गल्लीतली माणसं बोलावते मी.”

“त्या गर्दीत नको,” भिकनराव कसेबसे म्हणाले. “मधेच जाईन मी.”

संजना एकदा वडिलांकडे, एकदा सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिली. “आई, माणसं बोलावून ठेव. काटा लाल पट्टीत गेला की निघायचं. तोवर मला काम करू दे.” मग ती काकांकडे वळली. “आयसी नाही मिळत तर राहू दे. कधी उघडायचं ते दुसरी चिप सांगते; तिच्या हुकमाने चार व्हॉल्व्ह चालू-बंद करायचे, एवढंच याचं काम. चार मोठे ट्रान्झिस्टर आहेत तुमच्याकडे?”

“जुन्या स्टॅबिलायझरमधले काढून देतो.” काका त्या वयातही पळतच गेले.

पत्र्याच्या तुकड्यावर संजनाने ट्रान्झिस्टर बसवले. काकांनी पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरला. वायरी जोडून होईपर्यंत गल्लीतले चौघे दारात येऊन उभे होते.

मशीन सुरू झालं. आवाज बरोबर होता. पण नळीतून ऑक्सिजन येतोय की साधी हवा, हे आवाजावरून कळणार नव्हतं. संजनाने सुटी नळी मागच्या अंगणात, सिलिंडरपासून लांब नेली आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढची उदबत्ती आणून तिच्या तोंडाशी धरली. उदबत्ती होती तशीच मिणमिणत राहिली.

“साधी हवाच आहे. ऑक्सिजन असता तर भडकली असती,” ती म्हणाली.

आतून सुलाबाई ओरडल्या, “काटा लाल पट्टीत गेला!”

चौघांनी अण्णांना बाजेवर घेतलं आणि सिलिंडर उशाशी ठेवला. संजना मशीनपाशी गुडघ्यांवर बसून एकेक वायर बोटाने चाचपत गेली. निळी, पिवळी... तिसरी आणि चौथी उलटसुलट लागली होती. एक व्हॉल्व्ह मिटायच्या वेळी उघडत होता. तिने दोन्ही वायरी उपटल्या आणि अदलाबदल करून जोडल्या.

बाज उंबऱ्यापर्यंत पोहोचली होती.

“थोडं थांबा, मशीनमध्ये ऑक्सिजन जमू द्या,” ती म्हणाली.

“किती थांबायचं?” सुलाबाईंचा आवाज चिरकला. “ओठ निळे पडलेत त्यांचे!”

“काका, उदबत्ती धरा.”

काकांनी अंगणात जाऊन नळीशी उदबत्ती धरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग टोक एकदम पांढरंशुभ्र पेटलं, काकांनी दचकून हात मागे घेतला.

“संजना! पेटली गं!”

“बाज खाली ठेवा!”

काकांनी उदबत्ती विझवली. संजनाने नळी आत ओढून अण्णांच्या नाकाला लावली. सुलाबाई नवऱ्याची नखं बघत बसल्या. संजना ट्रान्झिस्टरवरून बोट फिरवत राहिली. कोमट होते, कोमटच राहिले. हळूहळू अण्णांच्या छातीचा भाता संथ झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

रुग्णवाहिका आली तेव्हा दुपार उलटून गेली होती. आतल्या डॉक्टरांनी अण्णांच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला, पत्र्यावरच्या त्या जोडणीकडेही पाहिलं.

“यावर चाललंय हे?”

“हो.”

“न्यावं लागेल असं नाही. पण भरलेला सिलिंडर ठेवून जातो, हे बंद पडलं तर.”

ते गेल्यावर सुलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. जयरामकाकांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“तू थांब म्हणाली नसतीस तर मी त्यांना त्या नकली आयसीवर ठेवलं असतं,” ते म्हणाले.

संजनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम तिला हुंदका फुटला. बाजेवरून अण्णांनी हात पुढे केला. ती जवळ गेली, तेव्हा त्यांनी तिचं भाजलेलं बोट हातात धरलं आणि त्यावर हळूहळू फुंकर घालू लागले.